आवडी रस्त्यावरचा पंप

पेट्रोल पंपवाल्यांच्या राज्य संघटनेत मला नोकरी लागली तेव्हा आई काळजीत पडली. संघटना म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे मोर्चे आणि झेंडे येत. ही कामगारांची नाही, मालकांची संघटना आहे, असं मी तिला समजावलं. मालकांना कशाला लागते संघटना, असं तिनं विचारलं. मद्रासमधल्या आमच्या तिरुवल्लिकेणीच्या घरात सगळे पगारदार. अप्पा रेल्वेच्या कचेरीत, थोरला भाऊ बँकेत. आजोबांच्या पिढीत आम्ही तंजावरहून मद्रासला आलो. धंदा म्हणून आमच्यात कुणी कधी काही केलं नव्हतं.

ही ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. शहराला तेव्हा मद्रासच म्हणत. संघटनेचं ऑफिस माउंट रोडच्या मागच्या एका गल्लीत, टायरच्या दुकानावर होतं. उन्हाळ्यात खालून रबराचा वास वर यायचा आणि साडीत बसायचा. मी शॉर्टहँड घ्यायची, इंग्रजी आणि तमिळ टाइप करायची, फोन उचलायची. सेक्रेटरी साठीचे होते. स्वतःचा पंप मुलाच्या हाती देऊन ते पूर्ण वेळ संघटनेचं काम बघत. नीटनेटकी पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, हळू आवाज. मी त्यांना 'सार' म्हणे, ते मला 'अम्मा'. ते वाईट माणूस नव्हते. पुढचं वाचून कुणाला तसं वाटेल म्हणून आधीच सांगते.

आमचं वर्ष वार्षिक सभेपासून वार्षिक सभेपर्यंत असायचं. पोंगल झाला की एखादं लग्नाचं मंडपम भाड्यानं घ्यायचं. सेलम, मदुरै, कोइमतूर, सगळ्या जिल्ह्यांतून पंपवाले यायचे आणि वर्षभर कुणाकडे काय मागायचं ते ठरायचं. सरकारकडे, तेल कंपनीकडे, दिल्लीकडे. पहिली मागणी नेहमी कमिशनची. दुसरी उन्हानं उडून जाणाऱ्या पेट्रोलची. आमच्याकडच्या उन्हात टाकीतलं पेट्रोल उडतं, जितकं घेतलं तितकं विकायला उरत नाही, आणि कंपनी ते मान्य करत नाही, ही तक्रार मी इतक्या वेळा टाइप केली की झोपेतही म्हणून दाखवली असती.

त्या वर्षीच्या सभेत मागण्या ठरून गेल्यावर, लोक जेवणाच्या पंगतीकडे बघू लागल्यावर, मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. मंडपमात माझ्याखेरीज त्या एकट्याच बाई होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, जाड भिंगांचा चष्मा, साधी सुती साडी. त्या म्हणाल्या की डेपोतून येणारे टँकर फार वाईट अवस्थेत येतात. होज पाइप गळके असतात, जोड घट्ट बसत नाहीत, जमिनीत वीज सोडायची अर्थिंगची तार तुटलेली असते, कधी नसतेच. डेपोतून निघण्यापूर्वी प्रत्येक टँकर तपासला गेला पाहिजे, ही मागणी पहिल्या नंबरवर घ्या. अध्यक्षांनी हसून मान डोलावली आणि ती यादीत सगळ्यात शेवटी घालायला मला खूण केली.

जेवताना त्या माझ्या शेजारी बसल्या. मी मघाशी मंडपमच्या फोनवरून आईशी बोलताना त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी आमच्या मराठीत विचारलं, "तू आमच्यातलीच की गं?" मद्रासमध्ये घराबाहेर कुणी असं विचारलं की अंगावर शहारा येतो. त्या तंजावरच्याच, आमच्या आजोळच्या गल्लीपासून फार लांबच्या नव्हेत. मी त्यांना अक्का म्हणू लागले आणि त्या दिवसापासून त्या माझ्या अक्काच झाल्या. आमची ती जुनी बोली, तमिळच्या हेलातली, माझ्या जिभेवरून आता बरीचशी गेली आहे. लग्नानंतर इतकी वर्षं पुण्यात काढली. म्हणून अक्काचं बोलणं मी आजच्या मराठीतच लिहिते आहे.

अक्काचा नवरा फौजेत होता. बांगलादेशच्या लढाईत तो गेला. मूलबाळ नव्हतं. सैनिकांच्या विधवांना पंप देण्याची योजना निघाली तेव्हा तिला मद्रासबाहेरच्या आवडी गावच्या रस्त्यावर एक पंप मिळाला. भावांनी सांगितलं की बाईमाणसाचं काम नाही, आम्ही चालवतो, तू घरी बस. तिनं ऐकलं नाही. आवडीला रणगाड्यांचा कारखाना, सरकारी वसाहती, दिवसरात्र लॉऱ्यांची वर्दळ. तिथे ही बाई काचेच्या खोलीत न बसता बाहेर सावलीत लोखंडी खुर्ची टाकून बसायची आणि लॉरीवाले तिला सलाम ठोकून पुढे जायचे.

पंप उभा राहिला त्या दिवसापासून तिच्याकडे एक माणूस होता. सगळे त्याला अण्णे म्हणत. तमिळमध्ये मोठ्या भावाला म्हणतात तसं. पन्नाशीचा, सावळा, बोलायला कमी. टँकर आला की तो खाली करून घ्यायचं काम त्याचं, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. त्याची बायको पंपाच्या मागच्या वस्तीत राहायची आणि दुपारी त्याचा डबा घेऊन यायची. मी दोनदा पंपावर गेले तेव्हा तिला पाहिलं होतं. डबा देऊन ती अक्काशी दोन शब्द बोलायची, पण अक्कानं खुर्ची पुढे केली तरी बसायची नाही.

वर्ष सुरू झालं तसं आमचं मागण्यांचं काम सुरू झालं. सार आणि अध्यक्ष सचिवालयात जात, मी टाइप केलेल्या प्रती घेऊन त्यांच्या मागे. त्या लांब व्हरांड्यांतल्या बाकांवर बसून मी कितीतरी सकाळी घालवल्या. कुठल्या साहेबाचा पीए चहाला कधी उठतो, कुणाला सणाच्या शुभेच्छा द्यायच्या, कुणापुढे इंग्रजी बोलायचं आणि कुणापुढे चुकूनही नाही, हे सारांना तोंडपाठ. आम्ही आत गेलो की साहेब यादीवरून नजर फिरवत, कमिशनपाशी थांबत आणि दिल्लीला विचारावं लागेल म्हणत. यादीच्या तळापर्यंत कुणी पोचत नसे. अक्का अधूनमधून फोन करून विचारायची, टँकरचं काय झालं. मी सारांना विचारायची. ते म्हणायचे, सगळं एकदम मागितलं की काहीच मिळत नाही, अम्मा. त्यात तथ्य होतं. मागण्यांचं काम ज्यांनी केलं आहे त्यांना ते पटेल.

मे महिन्यात, कत्तरीच्या दिवसांत, भर दुपारी फोन आला. कत्तरी म्हणजे आमच्याकडचं उन्हाळ्याचं सगळ्यात कडक टोक, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पलीकडून आवडीचाच दुसरा एक पंपवाला बोलत होता. अक्काच्या पंपावर टँकर खाली होत असताना आग लागली, एवढंच त्यानं सांगितलं. सारांनी गाडी काढली आणि मलाही बरोबर घेतलं. बाईशी बोलायला बाई हवी, असं म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा बंबवाल्यांनी आग आटोक्यात आणली होती. टँकरचा मागचा भाग काळा पडून उघडा झाला होता. पंपाच्या डोक्यावरचं पत्र्याचं छत वाकून खाली आलं होतं आणि त्याच्यावरच्या पाण्याची तापून वाफ होत होती. टाकीच्या तोंडाभोवती वाळूच्या बादल्या उलट्या पडल्या होत्या. कुणीतरी शेवटपर्यंत वाळू टाकत राहिलं होतं हे दिसत होतं. अण्णेला हॉस्पिटलात नेलं होतं. टँकरचा ड्रायव्हर पळून गेला होता. अक्का रस्त्याच्या पलीकडे एका झाडाखाली उभी होती. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत फोडांनी भरले होते आणि तिला त्याची जाणीव दिसत नव्हती. मला पाहून ती म्हणाली, "अस्क गेलं." आमच्या बोलीत सगळ्याला अस्क म्हणतात. थोड्या वेळानं पोलीस तिला घेऊन गेले. परवाना जिच्या नावावर, गुन्हा तिच्यावर. कायदाच तसा होता.

अण्णे काही दिवस जगला. सरकारी हॉस्पिटलच्या जळितांच्या वॉर्डात मी सारांबरोबर एकदा गेले. मच्छरदाणीसारख्या जाळीच्या आत तो पडला होता. आतून येणारा आवाज माणसाचा आहे हे कळायला मला क्षणभर लागलं. त्याची बायको बाहेर जमिनीवर बसली होती. सारांनी तिच्यापुढे हात जोडले. तिनं फक्त विचारलं, ती का आली नाही? अक्का तेव्हा कोठडीत होती. जामीन मिळून ती बाहेर आली त्याच्या आदल्या दिवशी अण्णे गेला. मग ती त्याच्या घरी गेली, तर त्याच्या बायकोनं दार लावून घेतलं. अक्का बराच वेळ दाराबाहेर उभी राहिली आणि परत आली.

त्यानंतर आमच्या संघटनेत एकदम जीव आला. हे लिहिताना कडवट वाटतं, पण झालं तसंच. आजवर कमिशनसाठी भांडणाऱ्या माणसांना आता दिसू लागलं की डेपोतून गळका टँकर आला तर आपणही कोठडीत जाऊ. सगळ्यात खालची मागणी एका रात्रीत सगळ्यात वर आली. डेपोत प्रत्येक टँकरची तपासणी व्हावी आणि पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत उतरेपर्यंतच्या अपघाताला पंपवाल्याला अटक होऊ नये, अशी दुहेरी मागणी. जुलैत एक दिवस राज्यभरचे पंप बंद ठेवले. त्या दिवशी माउंट रोड इतका रिकामा होता की सायकलच्या घंटा वरपर्यंत ऐकू येत होत्या. वर्तमानपत्रांत फोटो आले.

शिष्टमंडळात आता अक्काला पुढे बसवू लागले. शहीद सैनिकाची विधवा, हाताला पट्ट्या, शांत बोलणारी. तिच्यासमोर कुठल्याही साहेबाला घड्याळ बघता येत नसे. ती सांगायची की टँकर गळत होता, तार तुटलेली होती, ठिणगी पडली. सचिवालयात सांगितलं, कंपनीच्या ऑफिसात सांगितलं, दिल्लीला जाऊन मंत्र्याच्या खोलीत सांगितलं. दिल्लीला मीही बरोबर होते. मंत्री फार चांगलं बोलले. परतीच्या गाडीत सगळे खुशीत होते, जेवणाची पानं मागवत होते. अक्का वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिला जेवायला बोलवायला गेले तर म्हणाली, "तेच तेच सांगून आता मला ते दुसऱ्या कुणाला झाल्यासारखं वाटायला लागलंय." मी पाय दाबू का विचारलं. तिनं नको म्हटलं.

नोव्हेंबरच्या पावसात शहर गुडघाभर पाण्यात असताना कंपनीकडून निरोप आला. त्यांच्या मोठ्या साहेबांनी सारांना आणि अध्यक्षांना बोलावलं. ते दोघं दोन-तीनदा जाऊन आले. काय बोलणं झालं ते मला टाइप करायला सांगितलं नाही, त्यावरून मी समजायचं ते समजले. पाऊस सरला तेव्हा सारांनी अक्काला ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं, पण मला बाहेर पाठवलं नाही. पुढे कधीतरी अक्काला समजवायला माझा उपयोग होईल असा त्यांचा हिशोब असावा.

ते त्यांच्या हळू आवाजात बोलले. कंपनी आपल्या दोन्ही मागण्यांना विरोध करणार नाही, उलट सरकारकडे शिफारस करेल. तुमच्यावरचा खटला ढिला पडेल, आगीपासून बंद असलेला पंप तुम्हाला परत मिळेल. फक्त आता आगीची सरकारी चौकशी होईल, तिच्यात कारण टँकर निघता कामा नये. ते निघालं तर देशभरचे टँकर बदलावे लागतील, आणि ते कंपनी कधीच होऊ देणार नाही. कारण काहीतरी निघायलाच हवं. अण्णेनं जोड नीट बसवला नाही, घाई केली, असं तुम्ही सांगितलंत तर कुणाचं काही बिघडत नाही.

अक्कानं विचारलं, त्याच्या बायकोचं? सार म्हणाले की संघटना तिला मदत करेल, शब्द देतो. कामगाराची चूक ठरली तर तिला कायद्यानं मिळायची भरपाई अडकेल, हे त्यांनाही ठाऊक होतं, अक्कालाही. मग ते म्हणाले, "तो गेला, अम्मा. आता त्याला काही लागत नाही. आपल्या पंपांवर हजारो माणसं काम करताहेत, त्यांचा विचार करा." त्यांना ते मनापासून वाटत होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला तिथे खोटेपणा दिसला नाही. अक्का म्हणाली की मला थोडा वेळ द्या.

दोन दिवसांनी संध्याकाळी ती आमच्या घरी आली. आई स्वयंपाकघरात वांगी चिरत होती. अक्का तिच्याजवळ जमिनीवर जाऊन बसली आणि विळी आपल्याकडे ओढून घेतली. हातांवर नवी गुलाबी कातडी आली होती, बोटं नीट मिटत नव्हती, फोडी वेड्यावाकड्या पडत होत्या. चिरता चिरताच अक्का बोलायला लागली.

त्या दिवशी पंप सकाळपासून कोरडा होता. लॉऱ्या येऊन परत जात होत्या. दुपारी टँकर आला. अण्णेनं होज बघितला, तारेचं टोक हातात घेऊन तिच्याकडे आला आणि म्हणाला, हा परत पाठवू. तिनं डेपोला फोन केला. डेपोतल्या माणसानं सांगितलं की परत पाठवलात तर पुन्हा नंबर कधी लागेल सांगता येत नाही. ती बाहेर आली. उन्हात लॉऱ्यांची रांग लागली होती, ड्रायव्हर ओरडत होते. ती अण्णेला म्हणाली, जपून खाली कर.

"त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं," अक्का म्हणाली. "मग होज जोडायला गेला. माझा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता."

आईनं विचारलं, हे आणखी कुणाला माहीत आहे? अक्का म्हणाली, कुणालाच नाही. इतक्या साहेबांना भेटले, मला हे कुणी विचारलंच नाही. टँकर गळत होता का एवढंच सगळे विचारायचे, आणि तो गळतच होता. आता मात्र विचारणार आहेत, आणि मी त्याचं नाव घ्यावं असं सगळ्यांना वाटतंय. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली की चौकशीच्या दिवशी तू माझ्याबरोबर ये. सार रागावतील, पण ये.

आईनं तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. जेवताना आई म्हणाली की तू खरं सांगितलंस तर तुझ्या हातात काय उरेल, याचा विचार केलास का. अक्का म्हणाली, केला. त्यावर आईनं तिच्या पानात आणखी भात वाढला.

चौकशी डिसेंबरात, मार्गळी महिन्याच्या थंडीत झाली, म्हणजे आमच्या मद्रासला जितकी थंडी पडते तितक्यात. एका सरकारी इमारतीतली हिरव्या भिंतींची खोली. टेबलामागे चौकशी अधिकारी, बाजूला कंपनीचा वकील, मागे सार, अध्यक्ष आणि पंपवाले. अण्णेची बायकोही आली होती. तिला कुणी बोलावलं होतं की आपणहून आली ते कळलं नाही. ती दाराजवळच्या बाकावर बसली होती आणि शेवटपर्यंत तिनं पदर तोंडावरून काढला नाही.

अधिकाऱ्यानं अक्काला विचारलं की कामगाराकडून काही चूक झाली का. अक्का तमिळमध्ये, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाली, "त्याची चूक झाली नाही. टँकर परत पाठवा, असं त्यानं मला सांगितलं होतं. मीच खाली करायला लावला."

डेपोला केलेल्या फोनबद्दलही तिनं सांगितलं. वकील उठला. डेपोला फोन केल्याचा पुरावा काय, असं त्यानं विचारलं. अक्का म्हणाली, पुरावा नाही. मग त्यानं अधिकाऱ्याला सांगितलं की परवानाधारक स्वतःच निष्काळजीपणा कबूल करते आहे, हे लिहून घ्यावं. ते लिहून घेतलं गेलं. टँकरबद्दल तिनं पुन्हा सगळं सांगितलं, पण त्याकडे आता कुणाचं लक्ष राहिलं नव्हतं. जे पाहिजे होतं त्याहून सोयीचं उत्तर सगळ्यांना मिळालं होतं.

बाहेर पडताना अण्णेची बायको तिच्या समोरून गेली. अक्का थांबली. ती थांबली नाही.

सार जिन्यात मला म्हणाले की तू यायला नको होतंस. एवढंच. मला कामावरून काढलं नाही, पुढे कधी तो विषयही काढला नाही. फक्त त्या दिवसापासून महत्त्वाच्या बैठकांना ते मला बाहेर बसवू लागले.

पोंगलनंतर वार्षिक सभा झाली, मंडपम तेच. अध्यक्षांनी वर्षाचा अहवाल वाचला, मीच टाइप केलेला. डेपोत टँकरची तपासणी सुरू करण्याचं आश्वासन मिळालं. अटकेबाबत सरकारनं सहानुभूतीनं विचार करण्याचं मान्य केलं. कमिशन वाढलं. संघटनेच्या इतिहासातलं सगळ्यात यशस्वी वर्ष, असं शेवटचं वाक्य होतं, आणि टाळ्या पडल्या. आवडीच्या आगीचा उल्लेख एका दुर्दैवी घटनेपुरता होता. अक्का सभेला नव्हती. कंपनीनं तिचा पंप काढून घेतला होता, आणि ज्याच्याकडे पंप नाही तो सभासद नाही, असा नियम होता. एका म्हाताऱ्या पंपवाल्यानं जेवताना माझ्याजवळ येऊन तिची विचारपूस केली. मग आजूबाजूला बघून तो दुसऱ्या पंगतीत जाऊन बसला.

तपासणी खरंच काही महिने झाली. नंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. आमच्या ऑफिसात टँकरच्या तक्रारी येत राहिल्या आणि त्या पुन्हा यादीत खाली सरकू लागल्या.

अण्णेच्या बायकोला भरपाई मिळाली. उशिरानं, खेटे घालून, पण मिळाली, कारण त्याची चूक नव्हती असं चौकशीत नोंदवलं गेलं होतं. मला वाटलं, हे कशामुळे झालं ते तिला कळायला हवं. अक्काला न सांगता मी एका रविवारी आवडीला गेले. मागच्या वस्तीत ती दारात बसून चिंच फोडत होती. तिनं मला ओळखलं, पाणी आणून दिलं. मी तिला सांगितलं की अक्कावर किती दबाव होता, एक वाक्य वेगळं बोलली असती तर तिचा पंप राहिला असता, तरीही तिनं अण्णेचं नाव राखलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. चिंचोके बाजूला सारले आणि म्हणाली, "खरं सांगितलं तिनं. मग? खरं सांगितलं म्हणजे उपकार केले का माझ्यावर?"

ती पुढे म्हणाली की तो रोज घरी येऊन त्या गळक्या नळ्यांबद्दल बोलायचा. मी म्हणायची, सोडून दे ते काम. तो म्हणायचा, अम्मा चांगल्या आहेत. मग ती पुन्हा चिंच फोडायला लागली. मी थोडा वेळ बसले आणि निघाले. स्टेशनवर जाताना पंपाची जागा लागली. टाक्या खणून नेल्या होत्या, मोठा खड्डा राहिला होता आणि त्यात पावसाचं तेलकट पाणी साचलं होतं. शेजारच्या दुकानदारानं त्यात नारळाच्या करवंट्या टाकायला सुरुवात केली होती. या भेटीबद्दल मी अक्काला कधी सांगितलं नाही.

अक्का काही दिवस मद्रासमध्ये भाड्याच्या खोलीत राहिली. खटल्याच्या तारखा पडत. ड्रायव्हर सापडत नव्हता, त्यामुळे पुढच्या तारखा पडत. कोर्टात तिच्याबरोबर कधी मी जायची, कधी माझी आई. मग भावांनी तिला तंजावरला नेलं. ज्या भावांचं तिनं ऐकलं नव्हतं, त्यांच्याच घरात मागची खोली. तारखेला ती तिथून रात्रभर बसनं यायची आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर डबा उघडून दहीभात खायची. तिला एकदा मी विचारलं की पश्चात्ताप होतो का. ती म्हणाली, "कशाचा? चौकशीत बोलले त्याचा नाही. त्या दुपारी बोलले त्याचा रोज होतो."

त्यानंतर माझं लग्न ठरलं आणि मी पुण्याला आले. इथल्या मराठीत मी बोलले की सुरुवातीला लोक हसायचे. अक्काची पत्रं यायची नाहीत, लिहिताना तिचे हात दुखायचे. आईच्या पत्रांतून कळायचं. नजर अधू झाली, एका डोळ्यानं दिसत नाही. एका तारखेला जज बदलला. पुढच्या तारखेला वकील आला नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आईचं पत्र आलं की अक्का गेली. झोपेतच गेली, फार त्रास झाला नाही, असं तिच्या भावानं कळवलं होतं.

मी बाराव्याला तंजावरला पोचले. घरात नातेवाईक होते, शेजारी होते, पेट्रोलच्या धंद्यातलं कुणी नव्हतं. जेवणं झाल्यावर तिचा मोठा भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला की पुढच्या महिन्यात मद्रासच्या कोर्टात तारीख आहे, आता तिथे जाऊन काय करायचं असतं. मी त्याला सांगितलं की मृत्यूचा दाखला दाखवायचा, केस बंद होते. त्यानं मान हलवली. एकट्यानं जायचं का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, मी येते. त्या तारखेला आम्ही दोघं गेलो, आणि अक्काचं नाव पुकारलं जाईपर्यंत दुपार झाली होती.